गोजरबाईची लेक बोलू लागली

गोजरबाई पारनेरकडची. राळेगणसिद्धीच्या एका शेतकऱ्याची ही धाकटी लेक जन्मतःच बहिरी होती आणि कानावर कधी शब्द पडला नाही म्हणून तोंडानेही कधी बोलली नाही. माहेरी तिचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. भावंडांत वाढता वाढता घरात हातांची एक बोली आपसूक तयार झाली होती. दोन बोटं कपाळाला शिंगांसारखी लावली की बैल. तळवा तोंडाशी नेला की भाकरी. एका तळव्याने दुसरा झटकला की ‘संपलं’. भाऊ तिच्याशी भांडायचे तेही हातांनी, आणि ती त्यांना उलट उत्तरंही हातांनीच द्यायची. तिला खोटं बोलता येई, चहाडी करता येई, नाकात बोलणाऱ्या मावशीची नक्कलसुद्धा ती नाकपुड्या फुगवून अशी करी की आई पदर तोंडाला लावून हसे. गाव तिला मुकी म्हणायचं. घरात हा शब्द कुणी वापरत नसे.

तिचं लग्न घोडेगावच्या बैलबाजारात जमलं, असं आमच्या सोनईत अजून सांगतात. सोनईचा कारभारी बैल बघायला बाजारात गेला होता. कारभारी हे त्याचं नाव. कारभार सगळा त्याच्या आईच्या, आक्काबाईच्या हातात. गोजरचा बाप आपला एक बैल विकायला एवढ्या लांब घेऊन आला होता आणि तो बैल गोजरशिवाय कुणाचं ऐकत नसल्यामुळे तिलाही बरोबर आणलं होतं. कारभारीने बैलाचे दात पाहिले, वशिंडावर हात फिरवला आणि मान डोलावली. तेवढ्यात बापाच्या मागे उभ्या असलेल्या गोजरने आपला डावा गुडघा जरासा मुडपला आणि बैलाच्या पुढच्या पायाकडे बोट केलं. कारभारी खाली वाकला. पायात खोट होती. बाप लेकीकडे डोळे वटारून बघत राहिला, आणि ती भाबडेपणाने आभाळाकडे.

कारभारीने बैल घेतला नाही. महिन्याभरात माणसं पाठवून मुलीला मागणी घातली.

तो मुळातच अबोल गडी. बाजारात उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदे करायची सवय असलेला, त्यामुळे बोटांनी बोलायचं त्याला नवल नव्हतं. आक्काबाईने मात्र कपाळाला हात लावला. “बोलत्या चालत्या पोरी सांगून येत हुत्या, आन ह्यानं मुकी पसंत केली. आता घरात मी बोलू कुनाशी? ह्यो बोलत न्हाई, ती ऐकत न्हाई!” पण गोजर घरात आली, पहाटे जातं धरलं, गोठा सारवला, मळ्यात खुरपं चालवलं आणि वर्षभरात आक्काबाईची तक्रार सवयीपुरती उरली. घरात बोलायला थोरली सून बनुबाई होतीच. तिचा नवरा लढाईच्या दिवसांत फौजेत भरती होऊन लांब गेला होता. बनुबाईची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. ती दिवसभर कामाच्या नादात काही ना काही बोलत राही, कुणी ऐको न ऐको.

बेचाळीस साली गोजरबाईला मुलगी झाली. राळेगणहून बाळंतीण सोनईला आली त्याच दिवशी आक्काबाईने झोपलेल्या नातीच्या उशाशी पितळी परात उलथन्याने बडवली. पोर दचकून टाहो फोडून रडली, तशी आक्काबाईने परात खाली टाकून तिला छातीशी धरलं. “ऐकती! माजी बाय ऐकती!” शेजारीपाजारी गूळ वाटला. नाव ठेवलं मनकर्णा.

गूळ खाऊन संपायच्या आत दुसरी काळजी उभी राहिली. पोर ऐकते खरी, पण ऐकणार काय? दिवसभर आईच्या अंगाखांद्यावर, आणि आई तर तोंडातून शब्द काढत नाही. आक्काबाईच्या मते बोलणं आईच्या दुधातून उतरतं. आईच मुकी तर पोरीच्या जिभेवर येणार कुठून? तिने मधात वेखंड उगाळून पोरीला चाटवायला सुरुवात केली. कुणी सांगितलं की पोपटाने उष्टावलेला पेरू दिला की मूल लवकर बोलतं, तर मळ्याच्या बांधावरच्या पेरूखाली पहाऱ्याला बसून तिने तसला पेरूही मिळवला आणि त्याचा गर बोटाने पोरीच्या ओठांना लावला.

एवढ्यावर भागेना म्हणून तिने यज्ञेश्वर मास्तरांना विचारलं. मास्तर गावातल्या लोकलबोर्डाच्या शाळेत बिगरीचा, म्हणजे अगदी लहान मुलांचा वर्ग शिकवत. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेला, मुलांत रमणारा माणूस. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर चार माणसांत बसले होते. आक्काबाईने खालच्या पायरीवर बसून गाऱ्हाणं मांडलं.

मास्तरांनी मनापासून समजावून सांगितलं. मूल भाषा शिकतं ती ऐकून ऐकून, जशी बिगरीतली पोरं पाढे शिकतात तशी. मोठं माणूस शब्द बोलतं, मूल त्याची नक्कल करतं, जमलं की शाबासकी मिळते, चुकलं की कुणी सुधारतं, आणि अशी सवय पक्की होते. “आम्हाला पुस्तकात हेच होतं, आक्काबाई. जसं कानावर पडेल तसं तोंडातून येईल.” आणि बोलण्याच्या भरात त्यांनी ऐकलेली एक गोष्टही सांगितली. एका बादशहाने म्हणे काही तान्ही मुलं एका वाड्यात ठेवली आणि तिथल्या दायांना मुलांशी एक अक्षर बोलायचं नाही असा हुकूम केला. जन्मजात भाषा कोणती ते त्याला बघायचं होतं. मुलं मोठी झाली ती मुकीच.

आक्काबाई उठली ती थेट घरी आली. सकाळी पाळणा गोजरबाईच्या खोलीतून हलवून बनुबाईच्या खोलीत टांगला. बनुबाईला सांगितलं, “आजपास्नं पोर तुझ्याकडं. तू बोलत जा तिच्याशी. पाजायला तेवढी तिच्याकडं द्याची.”

बनुबाईचा हात पाळण्याच्या दोरीवर गेला आणि तिथेच राहिला. “आत्याबाई, पर तिची आई...”

“तिची आई काय पोरीची वैरीन हाय व्हय? पोरगी बोलली म्हंजे तीच खूश हुईल.”

गोजरबाई गोठ्यातून आली. पाळण्याची रिकामी कडी पाहिली, बनुबाईच्या खोलीत डोकावली. कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिने पाळण्यातून मनकर्णाला उचललं, छातीशी बांधलं, भाकरीची टोपली डोक्यावर घेतली आणि मळ्याची वाट धरली. त्या दिवशी ती परत आलीच नाही.

मळा गावापासून फार लांब नव्हता. विहिरीजवळ कडब्याचं एक छप्पर होतं. कारभारी मोट हाणत होता. त्याने पाहिलं, तर बायको छपराच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधत होती. झोळीला बांधलेली चिंधीची दोरी तिने आपल्या मनगटाला गुंडाळली. घरीही ती हेच करायची. पोर रडून हातपाय झाडू लागली की दोरीला हिसका बसे आणि तिला कळे.

कारभारीने बैल थांबवले आणि जवळ जाऊन हातांनी विचारलं, हे काय?

तिने सगळं सांगितलं. पाळणा, थोरली जाऊ, सासू. हात इतके झरझर चालत होते की त्याला दोनदा थांबवून पुन्हा विचारावं लागलं. मग त्याने आपलं सांगितलं. आई म्हणते ते खोटं नाही, मास्तरपण तसंच म्हणतात. पोरीनं बोलायला पाहिजे.

गोजरबाईने जोरजोरात होकाराची मान हलवली. म्हणजे तिलाही तेच पाहिजे होतं. ती उठली, नवऱ्याचा हात धरून त्याला झोळीपाशी आणलं, खाली बसवलं. एका हाताने मनकर्णाचा इवलासा कान दाखवला. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कारभारीचे मिटलेले ओठ धरले आणि उघडले. मिटले आणि उघडले. मग त्याच्या छातीवर बोट टेकवलं.

तू बोल.

कारभारी लाजला. लग्नाला इतके दिवस झाले, गावाने त्याला कधी सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. तान्ह्या पोरीशी काय बोलायचं? पण गोजरबाई समोर मांडी घालून बसली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती. शेवटी त्याने घसा खाकरला.

“ह्यो ढवळ्या हाय,” तो म्हणाला. “ह्यो डाव्या अंगाला वढतो. ह्याला गूळ लई आवडतो.”

मनकर्णाने त्याच्याकडे पाहिलं. गोजरबाईने त्याचे ओठ हलताना पाहिले आणि पुन्हा कामाला लागली.

त्या दिवसापासून कारभारीचं तोंड सुटलं. झोळी विहिरीजवळच्या बाभळीला बांधलेली असे, आणि धावेवरून, म्हणजे विहिरीकाठच्या उतारावरून, बैल मागेपुढे नेताना तो लेकीला सगळं सांगे. आता मोट खाली गेली. आता भरली. आता वर आली बघ, आलं पानी, पानी आलं. वाफ्यात कांदा हाय. त्या बांधावर साळुंकी बसली. शेजारच्या मळ्यातल्यांना वाटलं, विहिरीवर एकटं राहून कारभारीच्या डोक्यावर परिणाम झाला. “कुनाशी बोलतो रं?” एकाने बांधावरून विचारलं. “माज्या पोरीशी,” कारभारी ओरडून म्हणाला आणि पुन्हा मोटेकडे वळला.

इकडे घरात रिकामा पाळणा बघून बनुबाईला करमेना. दोन दिवसांनी तीच पाटीत भाकऱ्या घेऊन मळ्यात आली. गोजरबाई तिच्याकडे बघत उभी राहिली. बनुबाई तिच्यासारखं हातांनी फारसं बोलायची नाही, पण त्या दिवशी तिने पाळण्याची खूण केली आणि घराकडे बोट करून हात झटकला. नको तो पाळणा. मग झोळीकडे पाहिलं. गोजरबाईने मनकर्णाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. बनुबाई बोलू लागली ती ऊन उतरेपर्यंत. गावातलं, माहेरचं, फौजेतल्या नवऱ्याचं, गेलेल्या दोन लेकरांचं. पोर तिच्या तोंडाकडे टकमक बघत होती. पुढे रोजच ती दुपारची मळ्यात येऊ लागली.

चौथ्या का पाचव्या दिवशी आक्काबाईही आली. हातात वेखंडाचं कांडं होतं. “सहाण कुठं हाय?” एवढंच म्हणाली. रात्री सगळी घरी परतली. पाळणा पुन्हा आपल्या कडीला लागला.

मनकर्णा बसू लागली, रांगू लागली. तिच्या वयाची पोरं ‘बाबाबा’, ‘ददद’ करत होती. तीही करायची, पण त्याबरोबर आणखी एक करायची. पडल्या पडल्या बोटं उघडायची, मिटायची, एक तळवा दुसऱ्यावर घासायची, मूठ कपाळावर आपटायची, आणि स्वतःच त्या हातांकडे बघत बसायची. त्याला काही अर्थ नव्हता, जसा ‘ददद’ला नसतो. मग एके दिवशी तिने आईकडे बघून तळवा तोंडाशी नेला. गोजरबाईने भाकरीचा कुसकरा दुधात कालवून तिला भरवला आणि उचलून गरगर फिरवली.

आक्काबाईने ते पाहिलं आणि ती मटकन ओट्यावर बसली. “झालं. आईच्याच वाटंनं गेली पोरगी. तोंड सोडलं आन हात धरलं.”

या वेळी मास्तर स्वतःच मळ्यात आले. त्यांच्या गोष्टीने एका घरातला पाळणा हलला, हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. रविवार होता. कारभारीने नुकतेच बैल सोडले होते. मास्तरांना घोंगडं अंथरून दिलं आणि बैल छपरामागे सावलीला नेले. मनकर्णा आईच्या मांडीवर होती. ढवळ्याची शेपटी छपराआड दिसेनाशी झाली, तशी तिने मूठ कपाळावर नेली. नंतर एका तळव्याने दुसरा झटकला.

गोजरबाई हसली आणि तिच्या गालाचा मुका घेतला.

मास्तर पुढे सरकले. कारभारी परत आल्यावर त्यांनी विचारलं, “आत्ता हिने हातांनी काय केलं रे?”

“काय केलं?”

मास्तरांनी जमेल तशी नक्कल केली. कारभारी हसायला लागला. “बैल संपला म्हनती ती. बैल म्हंजे हे असं, दोन बोटं. तिला बोटं सुटी करता येत न्हाईत, म्हून मूठ लावती. आन हे ‘संपलं’. भाकर संपली, दूध संपलं, की गोजर आसं करती.”

“आणि बैल गेला की गोजरबाई असंच म्हणते? बैल संपला?”

कारभारीने बायकोला विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. बैल गेला याची खूण वेगळी होती; तिने ती करून दाखवली. मास्तर हे कशाला विचारताहेत ते तिच्या लक्षात येईना.

मास्तरांनी मूठ कपाळावर नेऊन, तळवा झटकून पुन्हा एकदा करून पाहिलं. नक्कल करायची तर समोर काही असावं लागतं. या दोन खुणा या पोरीसमोर कुणी कधी एकत्र केल्या नव्हत्या. भाकरी संपते तसा बैलही संपतो, हे तिने स्वतःच जुळवलं होतं.

“आक्काबाई,” संध्याकाळी ते तिच्या ओट्यावर येऊन म्हणाले, “पोरगी बोलतेय. हे बोलणंच आहे. दोन शब्द जोडून बोलतेय. हातांनी आधी आलं, तोंडाने मागून येईल.”

“तुमचं पुस्तक तर दुसरंच म्हनत हुतं.”

“पुस्तक लिहिणाऱ्याने गोजरबाईची लेक बघितली नव्हती,” मास्तर म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी बादशहाच्या गोष्टीचाही विषय काढला. “त्या वाड्यातल्या मुलांशी कुणी बोलत नव्हतं. तोंडाने नाही आणि मनानेही नाही. तुमच्या सुनेने या पोरीशी बोलणं एक दिवससुद्धा सोडलेलं नाही. मी ती गोष्ट तुम्हाला अर्धीच समजून सांगितली.”

आक्काबाईने त्यांना चहाचा आग्रह केला. तिचं पूर्ण समाधान झालं नव्हतं, पण वेखंड उगाळताना तिचा हात त्या दिवसापासून हलका झाला.

तोंडाचा पहिला शब्द दुसरा उन्हाळा लागता लागता आला. बनुबाई बांधावरून येताना लांबूनच हाका मारायची, “ये गं माजी बाय, ये, ये!” एका दुपारी ती दिसली मात्र, आणि झोळीशेजारी उभी असलेली मनकर्णा खणखणीत आवाजात म्हणाली, “ये!” बनुबाई पाटी घेऊन पळत सुटली. भाकरी वाटेत पडली ती कुत्र्याने नेली आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

मग शब्दांची रीघ लागली. गंमत अशी की कुणाशी कसं बोलायचं यात मनकर्णाची कधी चूक झाली नाही. बापाकडे आणि बनुबाईकडे वळली की तोंड, आईकडे वळली की हात. बनुबाईला ती ‘थोरलीआई’ म्हणायची. आईचं लक्ष नसलं तर आधी तिची हनुवटी धरून आपल्याकडे वळवायची, आणि मगच हात हलवायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा शेजारणीने विचारलं की दोन दोन भाषांनी पोरीच्या डोक्यात गोंधळ नाही का होत? आक्काबाई म्हणाली, “आमच्याच डोक्यात हुतो. तिच्या न्हाई हुत.”

तीन वर्षांची होईतो ती इतकी बोलू लागली की तिला गप्प करायला गूळ द्यावा लागे. आता आक्काबाईला नवीन काम लागलं होतं. नातीचं बोलणं सुधारायचं.

“थोरलीआई येली!” मनकर्णा दारातून ओरडली.

“येली न्हवं गं. आली म्हन. आली.”

“आली.”

“शानी माजी. आता सांग, थोरलीआईनं काय केलं?”

“येली!”

“आगं, आली!”

“व्हय, आली. आन तिनं भाकर करली.”

मास्तर ओट्यावर बसले होते. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आक्काबाई, तुमच्या घरात ‘येली’ कोण म्हणतं हो?”

“कोन म्हनंल? आमी काय परदेशातलं हाय व्हय?”

“आणि ‘करली’?”

“कुनी न्हाई.”

“मग हिने ऐकलं कुठे? पोपट कधी ‘येली’ म्हणणार नाही. त्याला शिकवलं तेवढंच तो म्हणतो. हिने बसली, पळाली, धरली, नेली असं सगळं ऐकलं आणि मनाशी कायदा बांधला. बस, बसली. धर, धरली. मग ये, येली. कर, करली. चूक हिची नाही. आपली भाषाच मधेमधे वाकडी चालते, पोरगी सरळ चालली आहे.”

आक्काबाईने यावर विचार केला. “म्हंजे त्या पोपटाचा पेरू वायाच गेला म्हना की,” ती म्हणाली. “आन ही सुधारनार कधी?”

“तुम्ही नाही सुधारलं तरी सुधारेल. ऐकता ऐकता एक दिवस स्वतःच ‘आली’ म्हणायला लागेल.”

तसंच झालं. कधी झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आक्काबाईलाच ‘येली’ ऐकायची इतकी सवय झाली होती की मध्येच एकदा तिच्या तोंडून तो शब्द गेला आणि मनकर्णाने तिला टोकलं, “आजी, येली न्हवं, आली!”

मास्तरांवर या घराचा परिणाम झाला तो शाळेत दिसू लागला. बिगरीच्या वर्गात पूर्वी मुलं सुरात पाठ म्हणायची. आता सकाळचा पहिला वेळ मास्तर मुलांना नुसतं बोलायला लावत. येताना वाटेत काय पाहिलं? घरी गाय व्याली का? कुणी ‘आहे’च्या जागी ‘हाय’ म्हणो की ‘नाही’च्या जागी ‘न्हाई’, ते सुधारायला मध्ये तोंड घालत नसत. एका पालकाने येऊन तक्रार केली की पोरगा शाळेत नुसत्या गप्पा मारून येतो. मास्तर म्हणाले, “आधी बोलू दे. लिहायला त्याला काहीतरी असायला नको का?” पालकाचं समाधान झालं नाही, पण पोरगा शाळा बुडवायचा बंद झाला म्हणून तो गप्प बसला.

लढाई संपली आणि बनुबाईचा नवरा परत आला. त्यांना पुढे मूल झालं नाही, पण बनुबाईच्या तोंडी त्याचं दुःख फारसं नसे. मनकर्णाच्या पाठीवर गोजरबाईला मुलगा झाला, तेव्हा त्याला हातांनी बोलायला शिकवायचा मान मनकर्णाने स्वतःकडे घेतला. प्रत्यक्षात शिकवायला काहीच लागलं नाही. तो बहिणीकडे आणि आईकडे बघत मोठा झाला आणि एका घरात दोन भाषा नांदू लागल्या. कारभारीचं बोलणं मात्र एकदा सुटलं ते सुटलंच. बाजारात तो आता सौदा झाल्यावरही थांबून समोरच्या माणसाची चौकशी करायचा.

एकोणपन्नास सालच्या थंडीत मळ्यात गव्हाची खुरपणी चालली होती. बायका ओळीने बसून आपापली पात धरून पुढे सरकत होत्या. एका कडेला आक्काबाई, मग बनुबाई, पलीकडे शेजारच्या मळ्यातल्या दोघीतिघी आणि दुसऱ्या कडेला गोजरबाई. शाळेला सुट्टी होती म्हणून मनकर्णा आईसमोर बांधावर बसून हुरडा खात होती.

बनुबाईने काहीतरी सांगितलं. नवरा फौजेतून आला तेव्हाची गोष्ट, तो घरात साहेबासारखा चमच्याने भात खायला बसला आणि आक्काबाईने चमचा उचलून गाईला पाणी प्यायला घातलेल्या घंगाळात टाकला. बायका हसल्या. मनकर्णाने तोंडातला हुरडा गिळला आणि ती आईला सांगू लागली. चमचा, आजीचा चेहरा, घंगाळ, गाईने वास घेऊन मान फिरवली ती. गाईचं तर बनुबाईने सांगितलंच नव्हतं. ते मनकर्णाने पदरचं घातलं. गोजरबाई खुरपं टेकवून हसली, इतकी की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मग तिने डावा हात उचलून लेकीला काहीतरी उत्तर दिलं. थोडकंच. पण मनकर्णा एकदम लाल झाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून फुसफुसायला लागली.

“काय म्हनली गं?” बनुबाई ओरडली.

“न्हाई सांगनार.”

“आगं सांग की!”

“न्हाई. आई म्हनती ते सांगायचं नसतं. ते आजीचं हाय.”

बायकांचा एकच गिल्ला झाला. खुरपी थांबली. आक्काबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. “माजं हाय तर मला सांग. सांग म्हनते ना!”

मनकर्णाने आईकडे पाहिलं. गोजरबाई मान खाली घालून अगदी मन लावून गवत काढत होती, जसं काही घडलंच नाही. खांदे तेवढे हलत होते.

“आजी, मी न्हाई सांगत. तू तिलाच इचार.”

आक्काबाईने खुरपं खाली टाकलं. इतक्या वर्षांत ती सुनेशी हातांनी बोलली होती ती भाकर, पाणी, ये, जा, एवढंच. ती गोजरबाईसमोर जाऊन उभी राहिली, तिची हनुवटी धरून वर केली, आणि मातीने भरलेले हात हवेत हलवू लागली. काय म्हणायचं होतं कोण जाणे. एक बोट स्वतःकडे, मग चमचा, मग काहीतरी गोल.

गोजरबाईने डोळे बारीक करून पाहिलं. तिने सासूचा हात हातात घेतला, तिची बोटं एकेक करून जागच्या जागी वळवली आणि खूण नीट करून दाखवली. आक्काबाईने पुन्हा करून पाहिली. या वेळी बरोबर आली. गोजरबाईने मान डोलावली आणि दोघी हसल्या.

“काय म्हनल्या आत्याबाई?” बनुबाईने मनकर्णाला विचारलं.

“ते पन न्हाई सांगनार,” मनकर्णा म्हणाली आणि उरलेला हुरडा चोळायला लागली.